उतरलेल्या पट्टीची मैफल : लेनर्ड कोहेन, लंडन, १७ जुलै २००८

उतारवयातल्या गायकाच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण लावताना मनात धाकधूक असते. गळा साथ देईल का, वरचा स्वर लागेल का, की साथीदार आणि श्रोते मिळून त्याला सांभाळून घेतील? बऱ्याचदा सांभाळून घ्यावं लागतं आणि आपणही प्रेमापोटी घेतो. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन याचं 'लाइव्ह इन लंडन' ऐकताना ही वेळ येत नाही. उलट यातली कितीतरी गाणी मला त्याच्या तरुणपणीच्या मूळ मुद्रणांपेक्षा सरस वाटतात. असं का वाटतं, याचा शोध घ्यावा म्हणून हे प्रकरण निवडलं. त्याच्या पुनरागमनाची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, तीही खरीच आहे. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्या संध्याकाळीमागचा विचार. थकलेला आवाज लपवायचा नाही, त्याच्याभोवतीच सगळी मांडणी करायची, हा तो विचार.

मुद्द्याच्या गोष्टी आधी. कार्यक्रम लंडनच्या ओटू अरीनामध्ये झाला. सहस्रकाच्या स्वागतासाठी ग्रिनिचजवळ जो प्रचंड घुमट उभारला होता, त्याच्या पोटात २००७ मध्ये हे वीस हजार आसनांचं सभागृह सुरू झालं. कोहेन तेव्हा ७३ वर्षांचा होता. त्या एकाच रात्रीचं मुद्रण कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीने मार्च २००९ मध्ये दोन सीडी आणि एक डीव्हीडी अशा रूपात बाजारात आणलं.

मंच सोडल्यानंतरची वर्षं

कोहेन मूळचा कवी. जन्म १९३४ चा, माँट्रियलच्या एका ज्यू घरातला. पहिला कवितासंग्रह १९५६ मध्ये आला, मग काही वर्षं ग्रीसच्या हायड्रा बेटावर लेखनात गेली, आणि गाण्यांची पहिली तबकडी निघाली ती डिसेंबर १९६७ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. त्या क्षेत्रात हे वय तेव्हा उशिराचंच मानलं जाई. आवाजाबद्दल समीक्षक पहिल्यापासून कुरकुरत होते. मंचाची त्याला भीतीही वाटे. १९९३ च्या दौऱ्यात ती दाबायला तो बेसुमार वाइन पीत होता, हे त्याने स्वतःच पुढे सांगितलं आहे. त्या दौऱ्यानंतर त्याने मंच सोडला आणि लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात जाऊन राहिला. तिथे जोशु सासाकी रोशी हे त्याचे गुरू. १९९६ मध्ये त्याला भिक्षूची दीक्षा मिळाली.

यानंतरचा टप्पा आपल्या घराजवळचा आहे, आणि मराठी वाचकांपर्यंत तो हवा तितका पोचलेला नाही. मठात असतानाच कोहेनने रमेश बाळसेकर यांचं लेखन वाचलं होतं. १९९९ मध्ये मठ सोडल्यावर तो थेट मुंबईला आला. बाळसेकर बँक ऑफ इंडियाच्या वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. दक्षिण मुंबईतल्या राहत्या घरी रोज सकाळी ते जिज्ञासूंशी अद्वैतावर बोलत. कोहेन केम्प्स कॉर्नरजवळच्या एका साध्या हॉटेलात उतरला, सकाळी त्या दिवाणखान्यात जाऊन बसू लागला, आणि काही महिने राहिला. पुढेही तो मुंबईला येत राहिला.

बाळसेकरांचे गुरू म्हणजे निसर्गदत्त महाराज, खेतवाडीतले, मूळचे मालवणकडच्या कांदळगावचे मारुती कांबळी. ते विड्यांचं दुकान चालवत आणि माडीवरच्या छोट्या खोलीत आल्यागेल्याशी मराठीतून बोलत. देशोदेशीच्या लोकांना ते बोलणं इंग्रजीत समजावून देणाऱ्यांमध्ये बाळसेकर होते. त्या खोलीतला विचार, कर्ता असा कोणी वेगळा नसतोच हा, बाळसेकरांच्या दिवाणखान्यातून या कॅनडाच्या कवीपर्यंत आला. आयुष्यभर छळणारं नैराश्य याच सुमारास हळूहळू ओसरलं, असं कोहेन मुलाखतींमधून सांगत असे. श्रेय कशाला द्यायचं याबद्दल मात्र तो सावध असे. वय, मठातली शिस्त, बाळसेकरांचा सहवास, काय कामी आलं हे ठामपणे सांगता येत नाही, अशीच त्याची भूमिका होती. म्हणून 'मुंबईने त्याला बरं केलं' असं मीही म्हणणार नाही. पण लंडनच्या मंचावर उभा राहिलेला माणूस घाबरलेला नाही, घाईत नाही आणि स्वतःला सिद्ध करायलाही आलेला नाही, हे पहिल्या गाण्यापासून ऐकू येतं. १९९३ नंतर त्याच्यात काय बदललं याचा विचार करताना खेतवाडी आणि केम्प्स कॉर्नर वगळून चालणार नाही.

पैसा

दौरा मात्र अध्यात्मातून उभा राहिला नाही, गरजेतून उभा राहिला. २००४ मध्ये कोहेनच्या लक्षात आलं की निवृत्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम जवळजवळ संपली आहे. वर्षानुवर्षं त्याचे व्यवहार पाहणाऱ्या व्यक्तीने ५० लाख डॉलरहून अधिक पैसे काढून घेतले होते. शिल्लक होती सुमारे दीड लाख डॉलर. २००६ मध्ये न्यायालयाने ९० लाख डॉलरच्या भरपाईचा निकाल दिला, पण ते पैसे हाती पडण्याची आशा फार कमी होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसापुढे कमाईचा एकच खात्रीचा मार्ग होता, गावोगावी दौरा करून गाणं. घरोघरी गाणी फुकट पोचू लागली होती, सीडीचा खप घसरत होता, आणि जगभरच्या कलावंतांचं उत्पन्न तबकड्यांकडून तिकिटांकडे सरकत होतं. त्या हिशेबानेही निर्णय शहाणपणाचा होता.

गरजेपोटी केलेल्या दौऱ्यात उरकून टाकण्याचा मोह फार मोठा असतो. चार वादक गोळा करावेत, लोकप्रिय गाणी म्हणावीत, बिदागी घ्यावी. कोहेनने नेमकं उलट केलं. २००८ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये तालमी सुरू झाल्या त्या जवळजवळ तीन महिने चालल्या. पहिला कार्यक्रम ११ मे रोजी फ्रेडरिक्टनला झाला. कॅनडाच्या पूर्वेकडचं हे लहानसं शहर, आणि जेमतेम सातशे आसनांचं नाट्यगृह. तिथून लहान लहान सभागृहं घेत घेत संच रुळला, मग माँट्रियल, मग इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीतमहोत्सवाचं अफाट मैदान, आणि त्यानंतर लंडन. म्हणजे मुद्रणाच्या रात्री वादकांना एकमेकांचे श्वास ठाऊक झाले होते, आणि दौऱ्याचा शिणवटा अजून चढला नव्हता. मुद्रणासाठी यापेक्षा योग्य वेळ सापडली नसती.

संच आणि आवाज

आता खरा मुद्दा. कोहेनचा आवाज तोवर पार खाली गेला होता. साठच्या दशकातला तो किंचित अनुनासिक, मध्यम पट्टीतला गळा सिगारेटींनी आणि वयाने खर्जात नेऊन ठेवला होता. असा आवाज म्हणजे घसरगुंडीच, कारण बेस गिटार आणि ड्रमचा पायठेकाही त्याच उंचीवर, म्हणजे त्याच खोलीवर वाजतात. वाद्यं थोडी जोरात गेली की शब्द बुडाले. आणि कोहेनच्या गाण्यात शब्द बुडाले तर हातात काहीच उरत नाही.

यावर एक उपाय सगळे करतात, माइक वाढवायचा. इथे केलेला उपाय वेगळा आहे. गायकाचा आवाज न वाढवता संचाचा आवाज कमी केला. संगीत संयोजक रॉस्को बेक स्वतः बेस वाजवतो, आणि १९७९ च्या दौऱ्यापासून त्याला कोहेनची सवय आहे. त्याचं वादन ऐका. कोहेनची ओळ सुरू असताना तो मोजके, लांब स्वर ठेवतो आणि ओळ संपली की मगच चार पावलं चालतो. रफाएल गायोलचे ड्रम बहुतेक वेळा नुसते कुजबुजतात. नील लार्सनचा हॅमंड ऑर्गन आवाजाच्या वरच्या अंगाला राहतो, खाली उतरून गर्दी करत नाही. वीस हजारांच्या सभागृहात इतकं हळू वाजवायला छाती लागते. मोठ्या जागेत वादकाचा हात आपोआप जड होतो.

कोहेन माइक हातात घेऊन ओठांच्या अगदी जवळ धरतो. जवळून बोललं की माइक खालचे स्वर अधिक भरीव पकडतो, त्यामुळे खर्जाला शरीर येतं आणि श्वासही ऐकू येतो. घरी बसून ऐकणाऱ्याला वाटतं की हा माणूस शेजारच्या खुर्चीतून बोलतो आहे.

आणि मग वरचा मजला. शॅरन रॉबिन्सन आणि वेब भगिनी, चार्ली आणि हॅटी, अशा तीन स्त्रियांचे आवाज. कोहेनने पहिल्या तबकडीपासूनच स्त्रीस्वरांचा आधार घेतला आहे, पण इथे त्यांच्यावर खरा भार आहे. तो जिथे जवळजवळ बोलतो, तिथे चाल त्या तिघी उचलतात. त्याच्या खर्जात आणि त्यांच्या स्वरांत जे रिकामं अंतर राहतं, त्यातच गिटार आणि ऑर्गन फिरतात. कोणी कोणाच्या पायात येत नाही. शॅरन रॉबिन्सन नुसती साथ करणारी गायिकाही नाही. त्याची काही महत्त्वाची गाणी तिच्याबरोबर लिहिलेली आहेत, आणि २००१ ची त्याची तबकडी जवळजवळ दोघांची मिळून होती. 'बूगी स्ट्रीट' तिच्या हाती सोपवून तो बाजूला होतो ते सौजन्य म्हणून नाही. त्या गाण्यावर तिचा हक्कच आहे.

संचातला माझा सर्वांत आवडता माणूस हाविएर मास. स्पेनच्या सारागोसाचा हा वादक बांदुरिया, लाउद, आर्किलाउद अशी तिथली तारवाद्यं घेऊन बसतो. 'हू बाय फायर'च्या आधी तो एकटा बराच वेळ वाजवतो. ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसांतल्या एका जुन्या प्रार्थनेवरून हे गाणं उभं राहिलं आहे. कोण पाण्याने जाणार, कोण आगीने, अशी ती यादी. मूळ मुद्रण चांगलंच आहे, पण मासच्या त्या वादनानंतर गाणं सुरू होतं तेव्हा ते कुठल्या मातीतून आलं हे न सांगता कळतं. आलाप झाल्यावर बंदिशीचा मुखडा यावा तसं ते येतं, घाई नाही, आणि जागा आधीच तयार झालेली. कोहेनचं स्पेनशी नातं जुनं आहे. पंधराव्या वर्षी स्पॅनिश कवी लोर्काच्या कविता वाचून तो कवितेकडे वळला, मुलीचं नावही त्याने लोर्का ठेवलं. २०११ मध्ये स्पेनमध्ये पुरस्कार स्वीकारताना त्याने सांगितलं की तरुणपणी माँट्रियलच्या बागेत भेटलेल्या एका स्पॅनिश मुलाने शिकवलेल्या गिटारच्या सहा कॉर्डवर त्याचं सगळं संगीत उभं आहे. ती शिकवणी तीनच दिवस चालली. चौथ्या दिवशी तो मुलगा आला नाही, त्याने जीव दिला होता. हे माहीत झाल्यावर लंडनच्या मुद्रणातल्या मासच्या तारा पुन्हा ऐकाव्यात.

संध्याकाळ कशी रचली आहे

कार्यक्रम दोन भागांत आहे, मधे मध्यंतर. पहिल्या भागात 'द फ्युचर'सारखी करडी गाणी लवकर येऊन जातात आणि 'अँथम'ने समारोप होतो. दुसरा भाग 'टॉवर ऑफ साँग'ने उघडतो. कोहेन एका छोट्या कीबोर्डसमोर उभा राहतो, यंत्राचा तयार ठेका सुरू करतो आणि एका बोटाने वाजवतो. त्या एका बोटाला श्रोते टाळ्या देतात. या गाण्यात सोनेरी आवाजाच्या वरदानाची एक ओळ आहे. तिच्यावर सभागृह उसळतं, आणि या मुद्रणातली ती दाद मला फार खरी वाटते. चाळीस वर्षं ज्या आवाजाला नावं ठेवली गेली, त्याच आवाजासाठी लोक जमले आहेत, हे गायकालाही कळतं आणि त्यांनाही. गाण्याच्या शेवटी मागच्या तिघी एक साधा, निरर्थक बोल आळवत राहतात. आयुष्याच्या सगळ्या गूढांचं उत्तर आज आपल्याला सापडलं, असं तो जाहीर करतो, आणि उत्तर म्हणून तोच बोल सांगतो.

त्याचं निवेदन हा या मुद्रणाचा मोठा ठेवा आहे. लंडनला शेवटचं उभं राहिलो तेव्हा मी साठ वर्षांचा होतो, वेडं स्वप्न पाहणारा पोरगाच, असं म्हणून तो नैराश्यावरच्या गोळ्यांची नावं एकामागून एक घेतो. मग म्हणतो, धर्मांचा आणि तत्त्वज्ञानांचाही खोल अभ्यास केला, पण काही केल्या आनंद मधून मधून फुटून बाहेर येतच राहिला. ही वाक्यं त्याने त्या दौऱ्यात जागोजागी जवळपास तशीच उच्चारली, म्हणून काही जणांना त्यात लबाडी दिसली. मला ती दिसत नाही. कवी आपली ओळ दुसऱ्या दिवशी बदलत नाही. बोललेली वाक्यंही त्याने गाण्यांइतकीच घासून तयार केली होती, आणि वेळेवर, योग्य विरामाने म्हटली होती. मुद्रणात ती ठेवली हेही बरं झालं. आपल्याकडे मैफलींच्या सीडी काढताना गाण्यांमधलं बोलणं, दाद, वाद्यं जुळवणं असं सगळं कापून टाकतात आणि मग ती मैफल कुठल्याही स्टुडिओत झालेली वाटते.

साथीदारांची ओळखही तो पुन्हा पुन्हा करून देतो. सोलो वाजत असताना टोपी काढून छातीशी धरतो आणि वादकाकडे तोंड करून उभा राहतो. हे डीव्हीडीवर दिसतं. पण नुसतं ऐकतानाही त्याचा परिणाम जाणवतो, कारण ज्याचं कोणी ऐकतं आहे तो वादक वेगळा वाजवतो.

'हालेलूया'बद्दल थोडं. १९८४ मध्ये ज्या तबकडीत हे गाणं होतं ती कोलंबियाने अमेरिकेत प्रसिद्धच केली नव्हती. पुढे जॉन केल, जेफ बकली अशा इतरांच्या गळ्यातून ते जगभर गेलं. डिसेंबर २००८ मध्ये, म्हणजे या मैफलीनंतर आणि मुद्रण बाजारात येण्याआधी, एका टीव्ही स्पर्धेच्या विजेतीने गायलेलं 'हालेलूया' ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिलं होतं, बकलीचं दुसरं, आणि कोहेनचं मूळ मुद्रण छत्तिसावं. लंडनला तो ते गाणं परत मागून घेतो. एका ओळीत लंडनचं नाव घालतो, तुम्हाला फसवायला इतक्या दूर आलो नाही अशा अर्थाने, आणि लोक ओरडून उत्तर देतात. बकलीचं मुद्रण कोवळं आणि सुंदर आहे. पण पराभवाची जी बाजू या गाण्यात आहे, ती ७३ व्या वर्षीच्या गळ्याला अधिक शोभते.

'इफ इट बी युअर विल' त्याने वेब भगिनींना दिलं आहे. सुरुवातीचे शब्द तो नुसते म्हणतो, मग त्या हार्प आणि गिटारवर गातात. त्याचं इतकं वैयक्तिक, जवळजवळ प्रार्थनाच असलेलं गाणं दुसऱ्यांकडून ऐकताना आधी थोडं खटकतं. दोन-तीनदा ऐकल्यावर मात्र निवड पटते. ती चाल वरच्या अंगाची आहे आणि त्याच्याकडे आता ते अंग नाही. त्याने स्वर बदलून तडजोड करण्यापेक्षा गाणंच योग्य गळ्याकडे दिलं.

उणिवा

सगळंच सारखं उतरलेलं नाही. डिनो सोल्डोचा सॅक्सोफोन आणि फुंकवाद्यं काही ठिकाणी फार गुळगुळीत वाटतात. 'एन्ट नो क्युअर फॉर लव्ह'मध्ये तर गाणं हॉटेलच्या बैठकीच्या वळणावर जाऊ पाहतं. दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे निरोपाची गाणी एकावर एक येतात. सभागृहात बसलेल्यांना ती हवीच असणार, पण घरी ऐकताना तो भाग लांबतो. आणि टाळ्या. इतक्या मोठ्या जागेत मागच्या श्रोत्यांपर्यंत आवाज पोचायलाच वेळ लागतो, त्यांच्या टाळ्या परत मंचाकडे येईतो आणखी उशीर होतो. त्यामुळे ठेक्यावर धरलेल्या टाळ्या मुद्रणात मागे रेंगाळतात. मुद्रणातले आवाज जुळवणाऱ्यांनी त्या बहुतेक ठिकाणी दूर, धूसर ठेवल्या आहेत आणि ते योग्यच आहे, पण 'फर्स्ट वी टेक मॅनहॅटन'मध्ये त्या जाणवतात.

नंतर

दौरा २०१० पर्यंत लांबला, २०१२-१३ मध्ये दुसरा झाला, दोन्ही मिळून साडेतीनशेहून अधिक कार्यक्रम. गेलेले पैसे या कमाईतून भरून निघाले, आणि त्यासाठी असलेली घाई संपल्यावरही तो गात राहिला. शेवटचा कार्यक्रम डिसेंबर २०१३ मध्ये ऑकलंडला झाला. या काळात त्याच्या हातून नवं लेखनही झालं. २०१२, २०१४ आणि २०१६ अशा तीन तबकड्या आल्या. तिसरी निघाल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ७ नोव्हेंबर २०१६ रोजी तो गेला.

त्याच्या मैफलींची इतर मुद्रणं उपलब्ध आहेत. १९७९ च्या दौऱ्याचं २००१ मध्ये आलं, १९८८ आणि १९९३ च्या दौऱ्यांतलं १९९४ मध्ये, आणि २०१३ मधलं डब्लिनचं २०१४ मध्ये. १९७९ च्या मुद्रणात गळा तरणा आहे आणि संच अधिक मोकळा. डब्लिनमध्ये आवाज आणखी खोल गेला आहे, व्हायोलिनची भर पडली आहे, आणि काही गाणी लंडनहून अधिक निवांत झाली आहेत. तरीही नव्या ऐकणाऱ्याच्या हाती मी लंडनच देतो, तेही आधी नुसतं ऐकायला, चित्राशिवाय, आणि दुसऱ्या सीडीपासून. ती टोपी, तो सूट, ते गुडघ्यांवर बसणं हे सगळं नंतर पाहता येईल. आधी तो खर्ज आणि त्याच्याभोवती राखलेली जागा कानात बसू द्यावी.